कोणतं व्हेल्मो?

पहाटे पाच चाळीस. पोंता देल्गादा.
धावपट्टीला खेटून काळा समुद्र.
वाऱ्यानं आत्ताच कूस बदलली,
म्हणजे तीसकडून निघणारे आम्ही
आता बाराकडून निघणार.
टॉवरमधून एका बाईचा आवाज, नुकतं तोंड धुतल्यासारखा:
"व्हेल्मोमार्गे, त्यानंतर पूर्वीप्रमाणे."
कॅप्टन फिलोमेनानं शब्दाला शब्द परत म्हणून दाखवला.
"बरोबर," आवाज म्हणाला.

बरोबरच होतं.
तिघांनी एकच वाक्य ऐकलं होतं.
पूर्वीप्रमाणे म्हणजे कुठपासून,
एवढंच ज्यानं त्यानं मनात वेगवेगळं धरलं होतं.

यंत्रात मार्ग मी भरला. मीच.
व्हेल्मो टाईप केलं, तर त्यानं विचारलं:
या नावाचे दोन बिंदू आहेत, कोणता?
यंत्रं फार सभ्य असतात. एकदाच विचारतात.
स्लॉट संपायला चार मिनिटं,
मागे एकशे सत्तर माणसं, पट्टे बांधून,
सातव्या रांगेतल्या म्हातारीच्या मांडीवर
फॉल रिव्हरच्या लेकीसाठी अख्खं चीज,
ते वर ठेवायला ती कुणाला देईना.
मी दुसऱ्या ओळीवर बोट टेकवलं.

पडद्यावर गुलाबी रेघ
बेटावरून उठली आणि पश्चिमेला न जाता
नकाशाच्या उजव्या काठावरून सरळ बाहेर गेली.
अंतर: तीन हजार एकशे चार मैल.
कॅस्पियनच्या पलीकडे, कुठल्याशा गवताळ माळावर
माझं व्हेल्मो.
त्याच्याखाली ठिपक्यांची ओळ आणि दोन शब्द:
मार्ग खंडित.

फिलोमेनाचा हात ब्रेकवर होता.
ती तेवीस वर्षं उडते आहे.
मी चौदा महिने.

इथे मला माझा बाप आठवला,
आठवायची वेळ नव्हती तरी.
चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी बसून
त्याच्या कानांचं भुस्काट झालेलं,
आणि माणूस मानी.
कुणी काही बोललं की मान हलवायचा.
पाद्रीबाबांपुढे हलवली, बँकेत हलवली,
दवाखान्यात डॉक्टर म्हणाली अर्धी गोळी,
त्यानं हलवली, आणि महिनाभर दोन दोन घेतल्या.
शुद्धीवर आला तेव्हा मी विचारलं, का नाही म्हणालात,
पुन्हा सांगा म्हणून?
त्यानं मान हलवली.

"कॅप्टन," मी म्हटलं. घसा कोरडा.
"माझं चुकलंय. आणि मला वाटतं
आपल्याला तिचं वाक्यही कळलेलं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. रेघेकडे पाहिलं.
ब्रेकवरचा हात तिथेच राहिला,
फक्त थोडा जड झाला.
मग बटण दाबून, अगदी भाजीचा भाव विचारावा तशी:
"टॉवर, पूर्वीप्रमाणे म्हणजे नक्की कुठून?
बिंदूंची नावं एकेक करून सांगता का?"

रेडिओवर खरखर.
एवढी शांतता मी हवेतही ऐकली नव्हती.
"थांबा," आवाज म्हणाला. कागद चाळल्याचा आवाज.
मग हळू, थोडा लाजलेला:
"मी जुन्या तक्त्यावरून वाचत होते. लिहून घ्या."

लिहून घेतलं. अक्षर अक्षर.
फिलोमेना वाचत गेली, मी बोटानं पडताळत गेलो,
मग उलटं: मी वाचलं, तिनं पडताळलं.
रेघ परत आली, पश्चिमेला वळली,
खंड मिटला.

स्लॉट गेला. सव्वीस मिनिटं उभे राहिलो.
मागून कुणीतरी शिवी हासडली, पोर्तुगीजमध्ये, सुरेख.
काहीच घडलं नाही,
आणि न घडलेल्याची नोंद कुठे करतात
ते मला अजून शिकवलेलं नाही.

बॉस्टनच्या हॉटेलातून घरी फोन लावला.
"रविवारी येतोय," मी ओरडलो.
"हो हो," बाप म्हणाला.
"मी काय म्हणालो, सांगा बघू."
बराच वेळ नुसता श्वास.
फोन ठेवेल असं वाटलं.
"...गुरुवारी?"

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा सांगतो."